बाग गेल्यावरचे ढग

परवा ताईकडे गेले, तर तिच्या घरासमोरची मोसंबीची बाग नव्हती. विहीर आटली, झाडं वाळली आणि शेवटी भाऊजींनी ती तोडून टाकली. दुपारी काळे ढग भरून आले, तशी मी अंगणातले कपडे काढायला धावले. ताई उंबऱ्यातूनच म्हणाली, "राहू दे गं. बाग होती तेव्हा रानातून वाफ उठायची, संध्याकाळी इथेच पाऊस कोसळायचा. आता ढग थांबत नाहीत."

खरंच, ढग पुढे निघून गेले. जमिनीतली ओलच वर जाऊन पुन्हा पाऊस होते म्हणतात. कोरड्या पडलेल्या रानाने आभाळाला काय द्यायचं?

ताई बराच वेळ त्या ढगांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "पलीकडे कुणाची तरी बाग असेल अजून."