एका नावाचे दोन नमुने

नाशिकच्या एका लॅबमध्ये मी सोळा वर्षं पुरुषांचं वीर्य तपासते आहे. नातेवाइकांना ‘रक्त तपासते’ एवढंच सांगते. उगाच कशाला त्यांचे चेहरे बघा. पूर्वी शुक्रजंतूंचे आकार डोळ्यांनीच पारखायचे. आता काचेवरचा रंगवलेला थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कॅमेरा फोटो काढतो. संगणक प्रत्येक शुक्रजंतूच्या डोक्याभोवती हिरवी रेघ ओढतो, लांबी-रुंदी मोजतो, चांगली-वाईट वेगळी करतो. फोटोही जपून ठेवतो, ही त्याची वाईट खोड.

निफाडकडचा एक तरुण द्राक्षबागायतदार एकटाच आला होता. त्याच्या नमुन्यातली सगळी डोकी गोल निघाली. निरोगी डोकं लांबट असतं. असं सरसकट गोल असलं तर ते स्त्रीबीजात शिरूच शकत नाही. हा दोष जन्माचा, औषधाने जात नाही. डॉक्टरांनी समजावलं, त्याने रिपोर्ट खिशात कोंबला आणि गेला.

दोन महिन्यांनी तो आई आणि बायकोला घेऊन पुन्हा आला. डबी बाहेरूनच भरून आणली होती. तासाभराच्या आतली असेल तर आम्ही घेतो. या वेळी बरीच डोकी लांबट, सुबक. मी जुने फोटो उघडून शेजारी लावले. हा नमुना त्याचा नव्हताच. कुणा भावाचा, मित्राचा असणार.

मी तडक डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, डबीवर जे नाव, त्या नावाने रिपोर्ट द्यायचा, पोलिसगिरी आपलं काम नाही. एरवी नळाला पाणी आलं नाही तरी मी अख्ख्या सोसायटीशी भांडते. त्या दिवशी मुकाट सही केली. त्याची मला आजही लाज वाटते.

बाहेर त्याने रिपोर्ट आईच्या हातात दिला. सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली की आता हिला माहेरी पोचवते आणि दुसरी बघते. तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

सून माझ्या खिडकीशी आली.

‘‘ताई, तुम्ही सोता तपासलं ना? यांच्यात काईच दोष नाय?’’

रिपोर्टमध्ये सगळं लिहिलंय, असं मी सांगितलं.

‘‘मला इंग्रजी वाचता येत नाय. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन.’’

दोन्ही फोटो अजून पडद्यावर शेजारी शेजारी होते. पडदा तिच्याकडे वळवायला एक हात पुरला असता.

‘‘नॉर्मल आहे,’’ मी म्हणाले.

तिने मान हलवली, सासूची पिशवी उचलली आणि जिना उतरली.