कोरड्या बोअरांचा नकाशा

केजला एसटीतून उतरलो तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. मथळा माझाच: 'न दिसणारा पदार्थ शोधता, दिसणारी तहान कधी बघणार?' मुंबईच्या एका संस्थेत कणभौतिकी आणि विश्वरचनेवर आयुष्यभर शोधनिबंध लिहिणाऱ्या विमलताई दुष्काळात आपल्या गावी आल्या होत्या. त्यांना चारचौघांत जाब विचारायला मी पुण्याहून निघालो होतो.

पुढं जीप. चालकानं पत्रक वाचलं आणि मान डोलावली. "बराबर हाय. न दिसणारं हुडकती म्हणूनच बोलावलंय तिला."

"कशाला?"

"बोअरची जागा दावायला. पाणाड्या (तळहातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी सांगणारा) लई येळा चुकला."

मला हसू आलं नाही, चीड आली. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी रानं, मधूनच बाभळी, आणि या लोकांना कुणी साधं सांगितलंही नाही की बाई आकाशाचा अभ्यास करते.

गावात सगळे दूध संस्थेच्या अंगणात जमले होते. जनावरांचा हौद ठणठणीत. संस्थेच्या सचिव रुक्मिणबाईंनी हातावर भाकरी आणि वाटीत येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या पिठाची आमटी) दिली आणि म्हणाल्या, "एकच बोअर झेपंल आमाला. त्यो कोरडा गेला, तर जनावरं छावणीला आन् डेअरीला कुलूप."

चेअरमन बापूरावांनी विमलताईंपुढं नारळ धरला. ताईंनी तो घेऊन बाजूला ठेवला. "मला यातलं काही येत नाही, बापू."

मी लगेच उभा राहिलो. "तुमच्या निबंधांचा या गावाला उपयोग काय?"

"आजवर? काही नाही."

मी पत्रकाची घडी घातली. मग विचारलं, त्यात असतं तरी काय?

"आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात, त्यावरून वाटतं की तिथं न दिसणारा पदार्थ आहे. तो कसल्या कणांचा, ते आम्ही शोधतोय. सापडला नाही. माझे बहुतेक निबंध एवढंच सांगतात, की इथं शोधलं, इथं नाही."

"आणि हे छापतात?"

"छापावंच लागतं. नाहीतर पुढचा माणूस तिथंच खणत बसेल."

रुक्मिणबाई हसल्या. "आमच्यात उलटं. कोरडा बोअर कुनी सांगत न्हाई. वर फरशी टाकायची, माती लोटायची. लोक हसतेत ना."

ताईंचा घास हातात थांबला. त्यांनी चुना मागवला आणि अंगणात गावचं शिवार काढलं. ओढा, माळ, वस्त्या. "जिथं कोरडा गेला, तिथं दगड ठेवा."

शेवटी रुक्मिणबाई उठल्या. "आमचा हितं. निस्ता फुफाटा निघाला." मग एकेक जण येऊ लागला.

"तू तर पेढे वाटलेते की रं, पानी लागलं म्हणून."

"पोरीची सोयरीक चालू व्हती तवा." सगळे हसले.

दगड वाढत गेले. मोकळा राहिला डेअरीभोवतीचा माळ आणि ओढ्यापलीकडची पट्टी. "म्हंजी माळावरच घिऊ," बापूराव म्हणाले. "हौद हितंच हाय."

रुक्मिणबाई हळूच म्हणाल्या, "बापू, गोठ्यात तुमची बी जनावरं हायेत."

बापूराव नारळाची शेंडी सोलत बसले. मग उठून त्यांनी माळावर एक दगड ठेवला. थोडं थांबून दुसरा. "दोन्ही बी माझेच. कोरडे." या वेळी कुणी हसलं नाही.

"मंग ओढ्यापल्याड पानी हाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते मला माहीत नाही. तिथं अजून कुणी बघितलेलं नाही, एवढंच."

"येवढं शिकून हेच सांगाया आलीस व्हय?" रुक्मिणबाई म्हणाल्या.

"हेच, मावशी."

माळ सोडून ओढ्यापलीकडं बोअर घ्यायचा ठरला. नारळ तिथंच फोडून खाल्ला.

परतताना फाट्यावर बोअरची गाडी समोर आली. तिच्या चालकानं डोकं बाहेर काढलं. "डेअरीचा बोअर कुठं घ्यायचाय?"

पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी ओढा काढला, माळ काढला, आठवतील तेवढे दगड मांडले आणि कागद त्याला दिला.

कोरड्या बोअरांचा नकाशा एकाही दप्तरात, एकाही सोसायटीत का नाही, हे आता मी नव्या पत्रकात विचारणार आहे. ओढ्यापलीकडं पाणी लागलं का, ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. कळलं की छापीन. कोरडा गेला असला, तर आधी छापीन.