दोन चमचे घरची चटणी

"मी स्वयंपाक शिकणार," असं बाबांनी फोनवर जाहीर केलं. आई गेल्यापासून ते साताऱ्यात एकटेच, डब्यावर. त्यांनी कायमचं माझ्याकडे पुण्याला यावं म्हणून मी हट्ट धरलेला. शेवटी ठरलं, आईसारखी आमटी जमली तर सातारा, नाही तर पुणे. आई कोल्हापूरजवळच्या कागलची, म्हणून स्वयंपाकाचं पुस्तक घ्यायला कोल्हापूर.

साताऱ्याहून सकाळची एसटी धरा. रस्त्याची कामं चालू आहेत, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. खिडकीबाहेर उसावर पातळ धुकं होतं, कारखान्याकडून गोडसर वास येत होता. बाबा डुलक्या घेत होते. ही एसटी अशीच चालत राहावी, कुठे पोहोचूच नये, असं मला वाटत होतं.

मिसळ खाऊन (तिखट कट जपून मागा!) महाद्वार रोडजवळच्या एका दुकानात शिरलो. पुस्तक निवडताना फोटोंना भुलू नका. चव तोंडपाठ असलेल्या पदार्थाचं पान आधी उघडा. हे मला ठाऊक होतं, तरी मी बाबांपुढे सर्वांत जाडजूड, चकचकीत पुस्तक सरकवलं. ते त्यांना जन्मात झेपलं नसतं. मला तेच हवं होतं.

दुकानाच्या मालकीणबाईंनी ते उचलून परत ठेवलं. "ह्ये शोकेसचं हाय. पावणं, ह्ये बारकं न्या. एकट्याच्या मापाचं हाय की."

बाबांनी आमटीचं पान काढलं. "दोन चमचे घरची चटणी... ती कशी करायची ते कुठंय?"

"ती कशाला लिवायची? ज्याची त्याची असती. तुमच्या घरात न्हाय व्हय?"

बाबांनी पुस्तक मिटलं. आईने केलेली कांदा-लसणाची चटणी केव्हाच संपली होती. मी जिंकले होते, आणि मला रडू येत होतं. बाबांचा तो चेहरा मला बघवेना.

"कागलला जाऊया," मीच म्हणाले. "मावशीकडे."

मावशी नेमकी डंकावर मिरची कुटायला निघाली होती. बाबांना बघून म्हणाली, "दाजी, चला की! चटणीला अक्काचंच माप हाय." लाल धुरळ्यात बाबा शिंकत होते, डोळे पुसत होते. संध्याकाळच्या उन्हात सगळं तांबूस झालं होतं, आणि आई आत्ता कुठल्याही वळणावरून पिशवी घेऊन येईल असं वाटत होतं.

चटणीची बरणी मांडीवर घेऊनच बाबा परतले. दुकानातून मी घेतलेलं ते बारकं पुस्तक माझ्या पर्समध्ये होतं. साताऱ्याला उतरल्यावर मी ते त्यांच्या हातात दिलं.

गेल्या आठवड्यात फोन आला.

"रविवारी जेवायला ये," बाबा म्हणाले. "येताना डबा आण. आमटी बांधून देतो."