एका ओळीत पुसलेलं नाव

कुपवाडच्या वर्कशॉपमधून मालकांचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये शिकवत होते. सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवते. फोन घेऊन जिन्यात आले. मालक बराच वेळ माझी, सासूबाईंची चौकशी करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एक काम हाय. कसं सांगू कळंना. तुमीच करू शकता, दुसऱ्याला आमचं ते काळं पडदं कळत न्हाई."

माझा नवरा त्यांच्याकडे तपासणीचं काम बघायचा. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, तिथं मशीनकाम होतं, पंपांचे भाग बनतात. माल बाहेर पडला की सोबत टेस्ट सर्टिफिकेट जातं. धातू कोणता, माप बरोबर आलं का, आणि तळाशी तपासणाऱ्याचं नाव. हे सगळं त्यानं स्वतः बसवलं होतं. माउसचा त्याला तिटकारा. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या आणि साध्या मजकुराच्या फायलींतून सर्टिफिकेट काढायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या, प्रत्येक भागाच्या सर्टिफिकेटचा साचा वेगळा. प्रत्येक साच्याच्या तळाशी त्याचं नाव.

त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं. ऊसतोडीचे दिवस होते. कुपवाडहून तो मोटरसायकलवरून घरी येत होता. तिन्हीसांजेला रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. इतकंच मला माहीत आहे, आणि इतकंच कळून घ्यायची माझी ताकद होती.

"सर्टिफिकेटवर अजून त्येंचंच नाव येतंय," मालक म्हणाले. "नवा माणूस पेनानं खोडून आपलं नाव लिवतो. आता पुण्याच्या कंपनीनं माल परत धाडला. म्हणाले, खाडाखोड चालायची न्हाई."

मी येते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मी नाही म्हटलं असतं तर कुणीतरी भाड्याचा माणूस आला असता आणि चहा पीत पीत ते नाव पुसून गेला असता. ते मला नको होतं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या कवठे महांकाळकडच्या. सगळी हयात मेंढरांमागं गेलेली, पायांना अजून घरात स्वस्थ बसणं जमत नाही. मुलगा शिकला, कारखान्यात टेबल-खुर्चीवर बसला, याचं त्यांना भारी अप्रूप होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"त्येचं नाव पुसाय तूच जाणार व्हय?"

"आत्या, कुणीतरी पुसणारच आहे."

"मग दुसऱ्या कुणीतरी पुसू दे की गं." त्या परत तांदूळ निवडू लागल्या. पण रात्री जेवायला बसल्या तशाच उठल्या.

वर्कशॉपमध्ये मी त्याच्या माघारी पहिल्यांदाच गेले. मालक मिरजेचे, पिढीजात लोहारकाम करणाऱ्या मुसलमान घरातले, वयस्कर. ते स्वतः फाटकापर्यंत आले. तपासणीची खोली काचेची होती. बाहेर लेथ चालू होते, आत तेलाचा वास. खुर्ची बदललेली होती. कॉम्प्युटर तोच. शेजारी नवा तपासनीस उभा होता, चाळिशी ओलांडलेला, कुंडलकडून रोज येणारा. तो सारखा म्हणत होता, "ताई, मी काय बोललो न्हवतो. मला तसंच चाललं असतं." मी त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही.

मी मालकांना विचारलं, "भाई, नाव राहू दे आणि पुढं कै. लावलं तर?"

मला स्वतःलाच ठाऊक होतं मी काय बोलतेय ते. मालकांनी टोपी काढली, परत घातली.

"वहिनी, सही करणारा माणूस जिता पायजे."

मग मी बसले.

हे काम मला त्यानंच शिकवलेलं. लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा क्लासात शिकवण्यापुरतं मला येत होतं, पण ते सगळं माउसवरचं. तो म्हणायचा, शंभर फायली उघडून एकेक शब्द बदलत बसणार का तू? एका रविवारी त्यानं आमच्या लग्नपत्रिकेची फाईल उघडली. एक ओळ टाइप केली. सगळ्या पत्रिकेत माझं नाव जाऊन तिथं 'सरकार' आलं. आमचे येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. सरकार हिचा शुभविवाह. मी हसून हसून खाली बसले. सासूबाई आतून विचारत होत्या, काय झालं गं, काय झालं? त्यानं तेव्हा दोन आज्ञा शिकवल्या. एक ग्रेप, म्हणजे शोधायची. दुसरी सेड, म्हणजे बदलायची. आणि बजावलं, "आधी नुसतं बघायचं. काय बदलणार ते पडद्यावर दिसतं, फाईलला धक्का लागत नाही. पटलं तरच खरं बदलायचं. एकदा बदललं की ही आज्ञा मागं फिरत नाही."

मी ग्रेपची आज्ञा दिली, पुढं त्याचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

पडदा भरून गेला. ओळींमागून ओळी वर सरकत गेल्या आणि प्रत्येक ओळीत त्याचं नाव लाल अक्षरांत. शोधलेला शब्द तिथं लाल दिसतो, त्यात विशेष काही नाही, क्लासमध्ये मुलांना हेच शिकवते. पण त्याचं नाव इतक्या वेळा एका जागी मी कधीच पाहिलं नव्हतं. घरात तर वर्षभर कुणी ते मोठ्यानं उच्चारलंही नव्हतं. मालक बाहेर निघून गेले. नवा तपासनीस भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिला.

काही बिघडलंच तर असावी म्हणून मी सगळ्या साच्यांची एक नक्कल बाजूला काढून ठेवली. मग सेडची ओळ लिहिली. त्याचं नाव, तिरकी रेघ, नव्या माणसाचं नाव. आधी नुसतं बघितलं. आणि बरं झालं बघितलं. त्याचं नाव छोटं होतं. ती अक्षरं दुसऱ्या शब्दांच्या पोटातही होती. एका गिऱ्हाइकाच्या नावाच्या मधोमध, एका गावाच्या पत्त्यात, एका धातूच्या नावात. तिथं तिथं तो शब्द फाटून मधे नवा माणूस घुसला होता. वाचता येईना असं काहीतरी झालं होतं. शब्दाच्या दोन्ही कडा बांधल्या, म्हणजे मागंपुढं दुसरं अक्षर चिकटलेलं नको असं सांगितलं, तरच नेमकं त्याचं नाव पकडता येणार होतं. मी कडा बांधल्या. म्हणजे त्याला बाकी सगळ्यांपासून वेगळा काढला.

दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा सगळं बरोबर होतं. कुठं चूक राहिली असती तर मला हवीच होती. थांबायला कारण मिळालं असतं. कारण मिळालं नाही.

मी ती ओळ परत लिहिली आणि या वेळी खरी चालवली. काही आवाज नाही, काही सूचना नाही. आज्ञा यशस्वी झाली की तो पडदा गप्पच असतो. कर्सर खालच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहिला. मी परत त्याचं नाव शोधलं, कडा बांधूनच. काहीच आलं नाही. सापडलं नाही, असंही तो सांगत नाही.

मग मी काय केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. साच्यांबाहेरही त्याच्या फायली होत्या, टाचणं, मापांचे हिशेब, मशीनच्या दुरुस्त्या. त्या सगळ्यांत मी माझं नाव शोधलं. तो मला ज्या नावानं हाक मारायचा ते शोधलं. मग आई, घर, दवाखाना. तो गेला त्या वर्षी आम्ही मूल व्हावं म्हणून दवाखान्याच्या खेपा घालत होतो, वेळ लिहून ठेवली असेल असं वाटलं. पडदा प्रत्येक वेळी गप्प. शेवटी सातारा शोधलं. एक ओळ आली. एका गिऱ्हाइकाचा पत्ता होता, सातारा रोड.

तो दिवसाचे दहा-बारा तास त्या खोलीत असायचा. काम चोख करायचा. त्या कामात आमचा मागमूस नव्हता. नसावाच, हे मलाही कळतं.

मालक आत आले. मी नव्या साच्यातून एक सर्टिफिकेट काढून दाखवलं, जुन्या साच्यांची नक्कल ठेवलीय तेही सांगितलं. स्वच्छ होतं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, बघितलं, टेबलावर ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, ती जुनी नक्कल बी पुसावी लागंल. कुणी चुकून त्यातनं सर्टिफिकेट काढलं तर परत घोटाळा."

मला ती नक्कल घरी न्यायची होती. पण न्यायची कशाला? पंपांच्या भागांची मापं, त्याखाली एक नाव. कुणाला दाखवणार होते? मी ती पुसली. तिथल्या पुसण्याला कचऱ्याची टोपली नसते, पुसलेलं परत उचलून घेता येत नाही.

मालकांनी रिक्षा करून दिली. पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. ते म्हणाले, "अल्ला तुमाला सबुरी देवो." मला त्या क्षणी सबुरी नको होती. काय हवं होतं तेही सांगता आलं नसतं.

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच बसलेल्या.

"पुसलं?"

"व्हय, आत्या."

"लय येळ लागला का?"

मी खरं सांगितलं. "नाही. एका ओळीत झालं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "पोरगं जल्माला घालाय दोन दीस कळा दिल्या मी," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

आमचं भांडण झालं नाही. पुढं त्या माझ्याशी बोलायच्या, भाजी कोणती करायची, गॅस संपला, एवढंच. उन्हाळा लागला तसा धाकटा दीर गावाकडून आला. त्या म्हणाल्या, तिकडं मेंढरं हायती, जरा जीव रमंल. गाठोडं आदल्या दिवशीच बांधलेलं होतं. मी बसस्टँडवर सोडायला गेले. खिडकीतून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझ्यावर राग न्हाई गं माझा." गाडी सुटली. दिवाळीला येते म्हणाल्या होत्या, आल्या नाहीत. मी एकदा जाऊन आले. त्या रानात गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि शेवटच्या गाडीनं परत फिरले.

क्लास चालू आहे. शोधून बदलायचा धडा दर बॅचला येतो. तो मी शिकवते.