टेकवबाई

शिट्टी न वापरणाऱ्या खेळाच्या शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिल्या. सेलूच्या आमच्या शाळेतल्या बाईंना शिट्टीची गरजच नव्हती. "टेऽकव!" अशी आरोळी त्यांनी मैदानावर ठोकली, की पलीकडच्या कापसाच्या जिनिंगमधले हमालसुद्धा पाठीवरचं ओझं खाली ठेवायचे. सगळं गाव त्यांना टेकवबाईच म्हणायचं.

बाई मूळच्या कबड्डीच्या. कुठल्याशा शिबिरातून सात जणींचं रग्बी शिकून आल्या आणि मुलींचा संघ काढायचाच म्हणून हटून बसल्या. मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहिलं, 'मुलींचा रब्बी संघ'. मग काय, येणारा-जाणारा विचारायचा, खरीप संघ कधी? बाईंनी फळा पुसू दिला नाही. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आपण बी पेरायलोतच की."

चेंडू घेऊन पळायचं, पास द्यायचा तो मागंच, आणि रेषेपलीकडं जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा, तरच गुण. हे शेवटचं माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. कबड्डीत रेषेला पाय लागला की जिंकलंच! परभणीच्या निवड सामन्यात मी सुसाट सुटले, रेष ओलांडली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिले. चेंडू हातातच! मागून आलेल्या पोरीनं तो उडवला. सामना गेला, माझी निवडही गेली. एसटीत मी रडून रडून डोळे सुजवले. बाई रागावल्या नाहीत. शेजारी बसून एवढंच म्हणाल्या, "इतक्या लांब कुणाच्या घरी गेलीस, तर जरा टेकल्याबिगर परत येतीस का गं?"

निवड झाली माझ्या मैत्रिणीची, रंजनाची. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, तेव्हा बाईंनी तिला सहा-सहा महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि पहाटे पळवलं.

त्या काळी भारताचा मुलींचा संघ पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून यायचा. हळूहळू त्यानं आशियातल्या भल्याभल्यांना घाम फोडला. बाई एकही सामना सोडायच्या नाहीत. त्यांचा एकच धोशा असायचा, "आपल्या पोरीनं भारताकडून एकदा टेकवावा, मंग मी मोकळी." रंजना भारताच्या संघात आली आणि महिन्याभरात बाई गेल्या. टेकवलेला बघायचा राहूनच गेला. मला अजून त्याची चुटपुट लागते.

परवा आशियातल्या स्पर्धेची अंतिम लढत होती. आम्ही जुन्या सहा जणी माझ्या शिलाईच्या दुकानात मोबाइलला चिकटून बसलेलो. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत, आणि चेंडू रंजनाकडं! तिनं एकीला चुकवलं, दुसरी घसरली, रेष आली. मला माझे ते वर गेलेले दोन हात आठवले. आम्ही सगळ्या एकदमच ओरडलो, "टेऽकव!"

तिनं टेकवला. अहो, काय धिंगाणा घातला आम्ही! हसता हसता रडू फुटलं. ओढणीनं डोळे पुसत मी दाराकडं पाहिलं, तर समोरून चाललेल्या हमालानं पाठीवरचं पोतं रस्त्यातच खाली ठेवलं होतं.