मागची बॅटरी का भरत नव्हती

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्यावरच माझं पोट चालतं. बँकेत माझं काम तपासणीचं. शाखेत शिरायचं, समोर आलेला गोड चहा प्यायचा आणि समोरचा माणूस काय सांगत नाहीये ते शोधून काढायचं. वीस-बावीस वर्षं हे केल्यावर घरी आल्याआल्या कुणी भाबडं होत नाही. भाजीवाल्याने हसून कोथिंबीर जास्त घातली तरी मी आधी टोमॅटो उलटेपालटे करून बघते.

त्यामुळे कोलकात्यात, सॉल्ट लेकला आमच्या इमारतीखाली उभ्या केलेल्या जुन्या व्हॅनची मागची बॅटरी भरेना, तेव्हा माझा संशय थेट मिस्त्रीवर गेला.

व्हॅन घेतली ती बाबांसाठी. बाबांचं वय एक्क्याऐंशी. आई गेल्यापासून ते माझ्याकडे कोलकात्यात राहतात. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून नाकावर मास्क लावून एक यंत्र रात्रभर चालू ठेवावं लागतं. त्यांना सांगलीला दादाकडे न्यायचं होतं. विमानाला डॉक्टरांनी नाही म्हटलं. मागच्या खेपेला रेल्वेत यंत्र लावलं, तर सॉकेट रात्रभर दगा देत राहिलं आणि बाबा पहाटेपर्यंत उशीला टेकून बसून होते. त्यांचे निळसर पडलेले ओठ मला अजून आठवतात. तेव्हाच मी कानाला खडा लावला.

मग ही व्हॅन मिळाली. कुणा हौशी माणसाने तीस वर्षांपूर्वी तिच्यात पलंग, बेसिन, पडदे असं छोटंसं घर केलं होतं. इंजिन ठणठणीत होतं, पण वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. दादा विमानाने कोलकात्याला येणार, आम्ही दोघं आळीपाळीने गाडी चालवणार आणि बाबा मागे पलंगावर झोपणार, असा बेत होता. बाबांना आम्ही सांगितलं होतं की पंधरा दिवस राहायचं आणि परत यायचं.

दादाशी माझं ठरलं होतं ते वेगळंच. माझी नेमणूक आता फिरतीवर होणार होती, महिन्यातले वीस दिवस मी बाहेर. बाबांनी यापुढे सांगलीलाच राहायचं होतं. हे सगळं बोलणं मी बाल्कनीत, दार लावून घेऊन केलं. बाबांना तिथे पोहोचल्यावर सांगू, जरा रुळले की सांगू, असं आम्ही एकमेकांना समजावलं.

मिस्त्री जुन्या कोलकात्यातल्या बागबाजारचा. पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने मला नीट समजावलं. पुढची बॅटरी इंजिन चालू करण्यापुरती. मागे पलंगाखाली दुसरी बॅटरी, इन्व्हर्टरला लावतात तसली, पंखा आणि यंत्र चालवायला. दोन्हींच्या मध्ये एक रिले. इंजिन सुरू असलं की रिले दोघींना जोडतो आणि मागचीही भरत जाते. इंजिन बंद झालं की त्यांना वेगळं करतो, म्हणजे रात्री यंत्राने मागची रिकामी केली तरी सकाळी गाडी सुरू होते. जाड लाल वायरीला दोन्ही टोकांशी फ्यूज. काळी वायर गाडीच्या पत्र्याला, तिथला रंग खरवडून. आणि पलंगाच्या पायथ्याशी लाल चावीचा एक कटआउट स्विच, आग लागलीच तर चावी काढून सगळं तोडायला.

ही जोडणी होत असताना मी खुर्ची टाकून शेजारी बसून राहिले. बाबाही काठी टेकत खाली यायचे. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेलं, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांच्या खोलीत. मिस्त्रीने वायरीच्या टोकाला लग दाबून बसवला की ते वायर ओढून बघायचे आणि मान डोलवायचे. दोघांचं हिंदी-बंगाली मिश्रणात छान जमलं होतं. मला तेही खटकलं. मी बॅटरीच्या तळाशी नेलपॉलिशचा ठिपका दिला, कुणी ती बदलली तर कळावं म्हणून.

शनिवारी दुपारी बाबा व्हॅनमध्ये झोपले. यंत्र लावलं, पंखा लावला. चार तासांत बॅटरी बरीच उतरली, ते अपेक्षितच होतं. रविवारी मी गाडी काढली, उल्टाडांगावरून एस्प्लनेडपर्यंत गेले आणि फिरून परत आले, चांगले दोन तास. बाबा मागे पलंगावर, खिडकीचा पडदा सारून बसलेले. घरी येऊन मीटर लावला तर आकडा होता तिथेच. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. दरवेळी मी पलंगाखाली वाकून बघायचे. स्विच चालू, फ्यूज शाबूत, ठिपका जागेवर.

माझ्या मनात पाल चुकचुकली. जुनीच बॅटरी नवं लेबल लावून गळ्यात मारली असणार. नाहीतर रिले मुद्दाम हलका बसवला असेल, म्हणजे मी पुन्हा पुन्हा बोलवत राहीन. मी मिस्त्रीला फोन करून तडतडले. तो मधल्या वारी बसने आला, इंजिन सुरू करायला लावलं, मीटर लावला. आकडा झरझर वर चढला. तो माझ्याकडे वळला.

"दीदी, लाइन तो एकदम ठीक है."

"मग रविवारी काय होतं?" मी हिंदीत विचारलं. "तुम्ही समोर असलात की चालतं आणि पाठ वळली की बंद पडतं?"

तो हसला. म्हणाला, "हमारे बागबाजार में एक टाइम पे आप लोगों के डर से खाल काटा था, दीदी. बर्गी आएगा बोलके. अभी आप हमसे डर रही हैं."

बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार; त्यांच्या भीतीने जुन्या कलकत्त्याभोवती खणलेल्या खंदकाबद्दल तो बोलत होता. मला हसू आलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानेही हसू आवरलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घर का कोई हाथ लगा रहा है."

मी उसळले. आमच्या घरात माणसं दोन, एक मी आणि एक एक्क्याऐंशी वर्षांचे. आपली चूक झाकायला म्हाताऱ्या माणसावर घालतोस, तुला लाज कशी वाटत नाही, असं मी त्याला खालच्या वॉचमनदेखत बोलले. त्याने पिशवीतून एक बारीक हिरवा दिवा काढला आणि वायर ओढून तो माझ्या स्टिअरिंगसमोर बसवला. मागच्या बॅटरीत करंट शिरत असेल तेव्हाच तो पेटेल, एवढं सांगून तो चहाही न घेता गेला.

जायला आठच दिवस राहिले होते. दादाचं तिकीट काढून झालं होतं, बाबांची बॅग भरून झाली होती. त्या दिवशी दादाचा फोन आला, देवही बरोबर घेऊ म्हणाला. देवांना व्हॅनमध्ये कोपरा करायचा म्हणून मी पट्टीने माप घेतलं आणि बाबांना सांगितलं की देव नीट गुंडाळून ठेवा. ते बरं म्हणाले.

रविवारी पुन्हा निघालो. इंजिन सुरू झालं, हिरवा दिवा पेटला. मी मनातल्या मनात मिस्त्रीला म्हटलं, बघू आता तुझी करामत. फाटकातून बाहेर पडलो, पहिलं वळण घेतलं आणि दिवा विझला. मी तशीच चालवत राहिले. उल्टाडांगा गेलं, दिवा बंदच. बोर्डवर टिचकी मारून बघितली. सिग्नलला थांबले आणि सहज आरसा खाली वळवला.

बाबा पलंगाच्या कडेला वाकून बसले होते. लाल चावी त्यांच्या मुठीत होती.

मी गाडी कडेला घेतली. मागच्या बसने हॉर्न वाजवून डोकं उठवलं. मी मागे वळून बघितलं. बाबांनी चावी लपवली नाही.

"बाबा, हे तुम्ही करत होतात?"

"हो."

"दर रविवारी?"

"निघालो की बंद करायचो. घर जवळ आलं की चालू."

"अहो, तुमचाच श्वास चालतो त्याच्यावर! मी त्या माणसाला काय काय बोलले, ठाऊक आहे तुम्हाला? कशासाठी केलंत हे?"

ते म्हणाले, "बॅटरी भरली नाही तर जाणं टळेल, असं वाटलं. मला शंका होती. परवा तू देव गुंडाळायला सांगितलंस, तेव्हा खात्री झाली."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. बाबांच्या नोकरीत आमच्या अकरा बदल्या झाल्या. रजेवर गावाला जाताना आई देव शेजारणीकडे द्यायची, रोज एक फूल घाला म्हणून सांगायची. देव आमच्याबरोबर यायचे ते फक्त बदली झाली की. सामान ट्रकमध्ये, आणि देवांचा डबा आईच्या मांडीवर. आमच्या घरात हे लहान पोरालाही माहीत होतं. मला माहीत होतं. पट्टी घेऊन मापं काढताना मला ते आठवलंही नव्हतं.

"पंधरा दिवसांसाठी कुणी देव नेत नाही," बाबा म्हणाले.

मी महिनाभर त्या मिस्त्रीवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली होती. ठिपके दिले, वायरी मोजल्या. आणि त्या गाडीत खोटं बोलणारी मीच होते. मला इतकी लाज वाटली की हात स्टिअरिंगवरून काढवेना.

"एवढ्या बदल्या घेतल्या मी," ते म्हणाले. "एकदाही नाही म्हटलं नाही. पण ऑर्डर हातात पडायची. ती वाचायची, घडी घालून खिशात ठेवायची आणि मग बांधाबांध. तुम्ही दोघांनी मला ऑर्डरच दाखवली नाहीत."

मी पुढच्या सीटवरून उठून मागे गेले आणि त्यांच्यासमोर बेसिनच्या कट्ट्याला टेकून उभी राहिले. बाहेर बसचे कंडक्टर ओरडत होते. मी सांगितलं, "बाबा, मी आता महिन्यातले वीस दिवस बाहेर असेन. तुम्हाला दादाकडे ठेवायचं आम्ही ठरवलंय."

"कायमचं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली, जणू काही वाचून झालं. मग वाकून लाल चावी स्विचमध्ये घातली आणि फिरवली. मी मदत केली नाही, त्यांना ती नको होती.

"चल आता," ते म्हणाले. "आणि बागबाजारला गाडी थांबव. त्या मिस्त्रीची माफी माग. माझी राहू दे."