डाव्या पायाचा ब्रेक आणि व्याह्यांचा गुडघा

बावीस वर्षं मी फौजेत ट्रक चालवला आणि माझ्या गाडीत बसून एकही माणूस रडला नाही. रडले ते आमचे व्याही, आणि तेही त्यांच्या स्वतःच्याच गाडीत!

व्याही म्हणजे अजून व्हायचे होते. कुपवाडचे शिकलगारसाहेब. तिथं त्यांचं लेथचं वर्कशॉप. मुलगा कुवेतला, आणि त्याच्याशी आमच्या नसीमचं ठरलेलं. फक्त निकाहची तारीख राहिली होती. ती ठरायच्या आत साहेबांचा गुडघा आडवा आला. ऑपरेशनला साताऱ्याला आले ते स्वतःची लालभडक स्पोर्ट्स कार चालवत! (गुडघ्यात कळा, पण हौस जाईना!) ते दवाखान्यात पडले आणि गाडी कोरेगावात आमच्या दारात उभी राहिली. डिस्चार्जनंतर त्यांना गाडीसकट कुपवाडला पोचवायचं काम माझ्यावर आलं. मुलीचा बाप मी. नाही म्हणायची सोय होती का?

गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे क्लचच नाही! दोनच पेडल. आणि खाटेवर पडल्या पडल्या साहेबांची अट.

"हवालदार, माझ्या गाडीचा ब्रेक डाव्या पायानं मारायचा हां. रेसिंगवाले तसंच मारत्यात. उजवा अॅक्सिलेटरवर, डावा ब्रेकवर. येतंय न्हवं?"

"येतंय म्हंजे? फौजेत आमी दुसरं काय करत हुतो?"

खोटं! साफ खोटं! माझ्या डाव्या पायानं उभ्या जन्मात फक्त ट्रकचा क्लच दाबलेला. तो अर्धवट दाबायचा नसतो, पार तळाला न्यायचा असतो. पण व्याह्यांपुढं 'येत नाही' म्हणायला माझी जीभ वळेल तर शपथ.

घरी येऊन सरावाला बसलो. खुर्चीत बसून उजव्या पायाखाली उलटी ताटली घेतली आणि डाव्याखाली आमच्या हमिदाचं पोळपाट.

"आवं, त्याच्यावर चपात्या लाटते मी!"

"गप बस! पोरीच्या लग्नाचा प्रश्न हाय!"

पहिल्याच ब्रेकला पोळपाटाचा पाय मोडला. त्या दिवशी मला चपाती मिळाली नाही, आणि राग मात्र मलाच आला.

डिस्चार्ज घेऊन साहेब भाड्याच्या गाडीनं आमच्याकडं आले. निघायच्या दिवशी हमिदानं मोठा डबा भरून दालचा, म्हणजे दुधी घातलेली पिवळी डाळ, केला. व्याह्यांना मोकळ्या हातानं पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डिकी इवलीशी, तीही साहेबांच्या वॉकरनं भरलेली. मग डबा गेला साहेबांच्या मांडीवर. पट्ट्या बांधलेला पाय त्यांनी पुढं सोडला. नसीमला सांगलीत नोकरीवर हजर व्हायचं होतं, ती मागं अंगाची घडी करून बसली. (मागची सीट म्हणजे पिशवी ठेवायची जागा!)

गावाबाहेर पडायच्या आत पहिला स्पीडब्रेकर आला. ब्रेक हलकेच दाबायचा, हे डोक्याला ठाऊक होतं. पायाला कुणी सांगावं? त्यानं पेडल पार तळाला नेलं! गाडी जागच्या जागी खिळली आणि साहेबांचं कपाळ डब्याच्या झाकणावर आपटलं.

"या अल्ला! गुडघा! माझा गुडघा!"

"साहेब, तुमचा ब्रेक लय कडक हाय!" मी उलट त्यांच्यावरच खेकसलो. (चूक माझी आणि राग दुसऱ्यावर, हे आमच्या घराण्यात पिढीजात आहे.)

"अब्बा, हळू!" मागून नसीम.

"तू मला शिकवू नगंस!"

कराडपर्यंत मी साहेबांना असं अकरा वेळा नमस्कारासारखं वाकवलं. शेवटी शेवटी ते ओरडेनासे झाले, नुसते कण्हत होते. पुढं इस्लामपूरच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मी घाबरून दोन्ही पाय एकदम दाबले. इंजिन बोंबललं, गाडी थरथरली. मागून एका टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढली.

"ओ काका, गाडी चालवताय का नाचवताय?"

झालं! माझं टाळकं सरकलं. मी खिडकीतून मुंडी बाहेर काढली. "आरं ए शाण्या! तू रांगत हुतास तवापासनं मी..." आणि रागाच्या भरात गाडी पुढं दामटली, सवयीनं गिअर बदलायला क्लच दाबला. जो नव्हता! होता तो ब्रेक!

झाकण उडालं. दालचा साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरून ओघळत थेट पट्ट्यांवर उतरला. गुडघ्यावर दुधीची एक फोड येऊन बसली. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"गाडी बाजूला घ्या," ते म्हणाले.

मी घेतली. गेली तारीख! गेलं लग्न! सोन्यासारखं स्थळ, आणि माझ्या मेल्या बढाईपायी पोरीचं वाटोळं! नसीमकडं बघायची हिंमत होईना.

साहेबांनीच मान वळवली. "बेटा, तुला येती का चालवायला?"

"येती. मैत्रिणीच्या गाडीवर शिकलीय. पण मला एकाच पायानं येती."

"एकच चालंल! दुसरा गाडीभाईर ठेवलास तरी चालंल!"

"आन् मला कसं म्हाईत न्हाई?" मी भडकलो.

"सांगितलं असतं तर तुमी शिकवायला आला असता, अब्बा!"

मी मुकाट्यानं मागं घडी करून बसलो. कुपवाडपर्यंत साहेबांना एक हिसका बसला नाही. आष्ट्याला तर ते चक्क घोरत होते!

दारात पिवळेधमक साहेब बघून विहीणबाई किंचाळल्याच. साहेबांनी हात वर केला.

"वरडू नगंस. आदी ऐक. ईदनंतरची तारीख म्हणत हुतीस न्हवं? रद्द!"

मी दाराची चौकट धरली.

"निकाह पुढच्याच महिन्यात करायचा."

मला रडूच फुटलं. "साहेब, तुमचं मन लय मोठं. पण येवढी घाई?"

"मन कसलं घिऊन बसलाय! डॉक्टरनं मला लय दिवस गाडी चालवू नगा म्हणून सांगितलंय. सून लवकर आली न्हाई, तर तुमी मला न्यायला याल!"

बावीस वर्षं ट्रक हाकलेल्या माणसाला हे ऐकवलं! तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलीचा बाप. नुसता पाय आपटला. डावाच!

साहेबांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला.